वरचं दूध

बाळ बघायला येणारी माणसं दोन गोष्टी हमखास विचारतात. नॉर्मल की सिझर, आणि अंगावर पाजतेस ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी चालतं. लोक "बरं बरं" म्हणून पुढे सरकतात. दुसऱ्याचं उत्तर विचारणाऱ्याने मनात आधीच लिहून ठेवलेलं असतं, आपण फक्त मान हलवायची. मी बरेच दिवस हलवली. पाजत होतेच की. लेक तासन्‌तास माझ्या अंगावर असायची. तिच्या पोटात किती जातंय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

स्तनपान ही नैसर्गिक गोष्ट आहे, हे गरोदरपणात येता-जाता ऐकलं होतं. नैसर्गिक म्हणजे आपोआप होणारी, असं कसं कोण जाणे ठरून गेलंय. प्रसूतीही नैसर्गिकच आहे, पण तिथे कुणी म्हणत नाही की डॉक्टर कशाला, होईल आपलं आपण. पाजण्याच्या बाबतीत मात्र सगळा भार निसर्गावर. प्रत्यक्षात लॅच, म्हणजे बाळाने स्तन तोंडात नीट पकडणं, हा प्रकार शिकावा लागतो, आणि तो दोघींना एकाच वेळी शिकावा लागतो. त्यातल्या एकीला मान धरता येत नसते आणि दुसरीला टाक्यांमुळे धड बसता येत नसतं.

सिस्टरने दाखवलं तेव्हा सोपं वाटलं होतं. बाळाचं पोट आपल्या पोटाला चिकटलेलं हवं, नाक निपलच्या समोर. निपल तिच्या ओठाला हलकेच लावायचं, ती मोठ्ठा आ करेपर्यंत थांबायचं, आणि मग तिला आपल्याकडे घ्यायचं; आपण तिच्यावर ओणवं व्हायचं नाही. नुसतं टोक तोंडात जाऊन उपयोग नाही, भोवतालचा काळा भागही बराचसा आत गेला पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी रुतलेली. सिस्टरचा हात असेपर्यंत सगळं जमायचं. ती खोलीबाहेर गेली की लेक नुसतं टोक पकडायची आणि माझ्या पायाची बोटं आखडायची. भेगा पडल्या. एका बाजूची भेग भरत आली की दुसरी बाजू चिघळायची. एकदा तिने दूध ओकलं त्यात लाल धागा दिसला आणि घरात धावपळ उडाली. रक्त बाळाचं नाही, माझं आहे, हे कळल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दूध कसं येतं हे मी नंतर नीट वाचलं. वार बाहेर पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, आणि तोवर अडून राहिलेलं, दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन कामाला लागतं. पहिल्या दिवसांत येतो तो चीक: पिवळसर, दाट, अगदी थोडासा, आणि बहुतेक बाळांना तेवढा पुरतो. दूध भरून येतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. सिझर, प्रसूतीत जास्त रक्तस्राव, मधुमेह, थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाचा विकार), वारेचा तुकडा आत राहणं, यातलं काही असलं तर उशीर होऊ शकतो किंवा दूध कमी येऊ शकतं. काही जणींच्या स्तनांत दूध तयार करणाऱ्या ग्रंथीच पुरेशा नसतात, आणि स्तन लहान की मोठे याच्याशी त्याचा संबंध नसतो. माझं रक्त बरंच गेलं होतं. डिस्चार्जच्या कागदावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण दूध पुरत नाही म्हटल्यावर तो कागद कुणी काढून बघितला नाही. चर्चा झाली ती माझ्या मनाची.

"टेन्शन घेऊ नकोस, टेन्शनने दूध आटतं." हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त छळतं. दूध तयार होणं वेगळं आणि बाहेर येणं वेगळं. बाहेर सोडण्याचं काम ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं. भीती, वेदना, ताण यांनी ते अडतं आणि पान्हा फुटायला वेळ लागतो, हे खरंच आहे. पण मुळात तयारच कमी होत असेल तर मन प्रसन्न ठेवून काय होणार? शिवाय एखादीला दर दोन तासांनी टेन्शन घेऊ नकोस सांगणं, यासारखा टेन्शन देण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. आईने सांगितलं, आत्याने फोनवरून सांगितलं, शेजारच्या काकूंनी दारातून चप्पल काढता काढता सांगितलं. दूध वाढवण्याचे घरगुती उपायही सगळे झाले. त्यांची यादी देत नाही. वाचून कुणीतरी पुन्हा सुरू करेल.

आणि इकडे लेक वजन धरत नव्हती. नवजात बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतंच. 7 टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टर नोंद करून सोडून देतात, 10 च्या पुढे गेलं की चेहरा बदलतो. दोन आठवड्यांच्या सुमारास ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 डायपर चांगले ओले व्हायला हवेत. आमच्याकडे डायपर उघडावं तर कोरडं, क्वचित एखादा विटकरी डाग. ती रडायचीही कमी. येणारे-जाणारे म्हणायचे, किती शहाणं बाळ आहे, त्रासच नाही. उपाशी बाळ आधी रडतं आणि मग दमून झोपतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर शहाणं बाळ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

डॉक्टरांनी आधी मधला मार्ग सांगितला. दोन्ही बाजूंना पाजायचं, मग पंप करायचा, मग पंपाचं दूध आणि कमी पडेल तेवढं पावडरचं, वाटीचमच्याने. कागदावर हे फार समंजस दिसतं. नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा पितं. पाजायला पाऊण तास, पंपाला वीसेक मिनिटं, वाटीचमच्याला अर्धा तास, मग पंपाचे सुटे भाग धुऊन उकळायचे. तेवढ्यात पुढची भूक दारात उभी. यात झोप कुठे बसवायची ते कागदावर नव्हतं.

पंपामागचं तत्त्व चुकीचं नाही. स्तन भरलेला राहिला की दूध बनणं मंदावतं, रिकामा होत राहिला की वाढतं. म्हणून दूध निघो न निघो, पंप चालवत राहायचा. त्याच्या आवाजाला एक लय असते आणि रात्री त्यात शब्द ऐकू यायला लागतात. माझा पंप "का गं, का गं" म्हणायचा. बाटलीवर खुणा असतात दहा-दहा मिलीच्या. दूध दोन खुणांच्या मध्ये अडकलं असेल आणि बाटली जराशी तिरकी धरली, तर एका बाजूने ते वरच्या खुणेला टेकतं. मी धरायचे. पंपात निघतं तेवढंच दूध असतं असं नाही, नीट पिणारं बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं, असं सिस्टर समजावायची. बरोबरच होतं तिचं. पण नीट पिणारं बाळ असतं तर पंप कशाला लागला असता?

या सगळ्यात खरा प्रश्न एवढाच होता की मुलीचं पोट भरतंय का. आणि घरातले सगळे, मी धरून, भलत्याच प्रश्नाला उत्तर देत होतो: ही आई म्हणून पास की नापास. पहिला प्रश्न वजनकाट्यावर सुटतो. दुसऱ्यासाठी काटा नाही, त्यामुळे त्यावर कितीही वेळ बोलता येतं.

निकाल काट्यानेच दिला. नवऱ्याने पहिली पूर्ण बाटली पाजली तेव्हा मी पलीकडच्या खोलीत पंपाला जुंपलेली होते. दार उघडं होतं. तिच्या घोटांचा आवाज आला. गट, गट, जरा श्वास, पुन्हा गट. बाळ नीट पितंय की नाही हे घोटाच्या आवाजावरून कळतं म्हणतात. माझ्या अंगावर असताना मी या आवाजासाठी कान टवकारून बसलेली असायचे. आता तो माझ्याशिवाय येत होता. मी पंप बंद करून जाऊन पाहिलं. एरवी तिच्या मुठी घट्ट आवळलेल्या असायच्या, नखांचे व्रण तळहातावर उमटलेले. बाटली संपत आली तशी एकेक बोट सुटत गेलं आणि शेवटी हात उघडा पडला, नवऱ्याच्या मनगटावर. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्या माणसाचा असा काही मत्सर वाटला की मी काही न बोलता तोंड धुवायला गेले.

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. आता त्या काहीतरी बोलणार, असं मी धरूनच चालले होते. त्या म्हणाल्या, "भरलं बाई पोट एकदाचं. तू झोप आता." पुढे एकदा घरात कुणी नसताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या धाकट्यालाही वरचंच दूध होतं, अगदी पहिल्या महिन्यापासून. ही गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. धाकट्या दिरांनासुद्धा नाही, आणि ते आता स्वतः दोन मुलांचे बाप आहेत.

फॉर्म्युलाच्या डब्यावर आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम अशा अर्थाची सूचना ठळक छापलेली असते. अपरात्री डोळे चोळत पाणी मोजताना नेमकी तीच नजरेला पडते. मला संताप यायचा. ती तिथे का आहे हे वाचल्यावर संताप कमी झाला, गेला नाही. 1970 च्या दशकात गरीब देशांत पावडर खपवण्यासाठी नर्ससारखे कपडे घातलेल्या विक्रेत्या बायका प्रसूतिगृहांत फिरायच्या आणि फुकट नमुने वाटायच्या. नमुना संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असायचं. मग महाग पावडर पुरवून पुरवून, अस्वच्छ पाण्यात पातळ करून दिली जायची, आणि बाळं दगावायची. त्यावरून जगभर गदारोळ झाला आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली: जाहिरात नको, आयांना फुकट नमुने नकोत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नको, आणि स्तनपानाचं श्रेष्ठत्व सांगणारं वाक्य हवंच. हा नियम असायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे. कंपन्यांना आवर घालायला लिहिलेलं वाक्य नातेवाईक पाठ करतात आणि बाळंतिणीला ऐकवतात.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे, आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. होतं. 2019 मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. जर्मनीतल्या बव्हेरियात अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लहान मुलांच्या थडग्यांत मातीची चोच असलेली छोटी भांडी सापडली होती. संशोधकांनी ती तपासली, तर आत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश निघाले. त्या काळातल्या अशा काही भांड्यांना तर प्राण्यांचे आकार दिलेले आहेत, पायबीय काढून. बाळाच्या हातात मावेल असं भांडं कुणीतरी बसून घडवलं, त्याला मुद्दाम गमतीदार रूप दिलं. मी तो फोटो बराच वेळ बघत होते. ती भांडी थडग्यांत सापडली, हेही विसरता येत नाही. जनावराचं दूध तान्ह्या बाळाला झेपत नाही. गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या साधारण तिप्पट असतात, आणि कोवळ्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. त्यात स्वच्छतेचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात युरोपात काचेच्या बाटलीला लांब रबरी नळी लावलेली असायची, बाळ आपलं आपण ओढत पडून राहायचं. नळी आतून धुता येत नसे. त्या बाटल्यांना लोक पुढे खुनी बाटल्या म्हणायला लागले. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात गव्हाचं पीठ, माल्ट आणि गाईचं दूध वापरून बाळांसाठी अन्न तयार केलं, ते याच गरजेतून. म्हणजे पूर्वीच्या बायकांना दूध कमी पडत नव्हतं असं नाही. पडायचं, किंवा आईच बाळंतपणात जायची. दूधआई मिळाली तर बाळ वाचायचं. जी वाचली नाहीत त्यांच्या घरात "आमच्या वेळी" म्हणणारं कुणी उरलं नाही.

याच्या उलट टोकाचं बोलणारेही असतात. काही फरक नसतो गं, आजकालची पावडर अगदी आईच्या दुधासारखीच असते. माझ्या भल्यासाठीच म्हणायचे ते, पण मला तेही पटत नाही. पावडरमध्ये आईच्या शरीरातली प्रतिपिंडं नसतात. आईचं दूध दिवसाच्या वेळेनुसार, बाळाच्या वयानुसार बदलतं. डबा बदलत नाही. बेलारूसमध्ये 1996-97 साली 17,000 हून अधिक माय-बाळांवर मोठा अभ्यास झाला होता. सगळ्या आयांनी पाजायला सुरुवात केलेली होती. काही रुग्णालयांत त्यांना स्तनपान टिकवण्यासाठी खास मदत दिली, बाकीच्या ठिकाणी नेहमीसारखंच चालू ठेवलं. नेहमीच्या गटातल्या 13.2 टक्के बाळांना पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झाला, मदत मिळालेल्या गटात 9.1 टक्के. इसबाचं प्रमाणही कमी झालं. श्वसनाच्या संसर्गात ठळक फरक दिसला नाही. तर फायदा खरा आहे, मोजता येण्यासारखा आहे. जिथे पाणी धड नाही तिथे तो कितीतरी पटींनी मोठा होतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी तर आईचं दूध औषधाच्या तोडीचं. हे सगळं मान्य करूनही, वजन न धरणाऱ्या माझ्या मुलीपुढे त्या वेळी आईचं दूध आणि पावडर असे दोन पर्याय नव्हतेच. पावडर आणि अर्धपोटी राहणं, असे होते.

एकदा बाटली ठरली म्हटल्यावर ती नीट करावी, याबाबत मात्र मी कर्मठ झाले. पावडर निर्जंतुक नसते, हे बहुतेकांना माहीतच नसतं. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू असू शकतो, तान्ह्या बाळाला तो घातक ठरतो, म्हणून उकळलेलं पाणी 70 अंशांच्या खाली उतरण्याआधी त्यात पावडर घालायची. पाणी आधी, पावडर नंतर. डब्यातलाच चमचा, दाबून भरायचा नाही, वरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा. मग बाटली गार पाण्याखाली धरायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचा. उरलेलं ओतून द्यायचं, पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. "थोडं पातळ कर, पचायला हलकं जाईल" असं सांगणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. पातळ केलं की पोट फुगतं, भूक तशीच राहते, आणि जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटके येऊ शकतात. या एका बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवली नाही.

अंगावरचं लगेच सुटलं नाही. काही काळ रात्रीचं एक पाजणं ठेवलं होतं, दुधासाठी कमी आणि आम्हा दोघींसाठी जास्त. गंमत म्हणजे बाटलीने पोट भरायला लागल्यावर तिचं लॅच सुधारलं. उपाशीपोटी शिकायची घाई उरली नव्हती. पण तोवर दूध ओसरत चाललं होतं. ज्या बाईला दूध पुरत नाही तिलाही ते बंद करताना गाठी होतात, ताठरतं, दुखतं. म्हणून एकदम न तोडता एकेक वेळ कमी करत जावं लागतं. त्या दिवसांत मला कारण नसताना रडू यायचं. डॉक्टरांनी एडिंबरा नावाची, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली भरायला दिली. 1987 पासून वापरात आहे, फक्त 10 प्रश्न, गेल्या 7 दिवसांत कसं वाटलं यावर. त्यातला एक प्रश्न स्वतःला विनाकारण दोष देण्याबद्दल आहे. विनाकारण की सकारण हे ठरवायचं कुणी, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला हा प्रश्न पडला ना, मग सर्वांत वरच्या खुणेवर टिक करा." मग औषध नाही लागलं, पण झोप लागली, रात्रीची एक बाटली नवऱ्याच्या नावावर झाली आणि मला सलग चार तास मिळायला लागले. माझ्या मते या देवाणघेवाणीत मुलीला माझ्या दुधापेक्षा काही कमी मिळालं नाही, पण हे मोजणारा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हट्ट धरत नाही.

मध्यंतरी मामेबहिणीचा फोन आला. बाळ आठवड्याचं, आवाज रडवेला. ताई, मला दूधच नाहीये. मी तिला बाटली घे म्हटलं नाही आणि प्रयत्न करत राहा असंही म्हटलं नाही. डायपर किती ओले होतात विचारलं, सात-आठ. वजन विचारलं, कालच केलं होतं, वाढतंय. घोट ऐकू येतात का? येतात. मग दूध नाही हे तुला कळलं कसं, तर पंप लावून बघितला आणि चमचाभरच निघालं. आणि संध्याकाळी बाळ सारखं अंगावर मागतं, म्हणून घरात कुणीतरी म्हणालं, पोट भरत नसणार. संध्याकाळी तान्ही बाळं अशीच सलग मागतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. निपल दुखतंय म्हणाली, तेव्हा लॅच बघायला स्तनपान समुपदेशक गाठ म्हटलं, आणि झोप किती होते ते विचारलं. यावर ती गप्प झाली. मग मी तिच्या नवऱ्याला फोन द्यायला सांगितला.

तिचं पुढे छान जमलं. बाळ अंगावरच आहे, गुटगुटीत झालंय. तिने पाजतानाचा एक फोटो पाठवला, बाळाची मूठ सैल सुटलेली. मला मनापासून आनंद झाला, आणि थोडं पोटात दुखलंही. तिला मी आनंद तेवढा कळवला.